कॉम्प्युटरचं दावं

माझ्या वयाच्या माणसाने गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा का, हा वाद आमच्या घरात तीन महिने चालला आणि शेवटी बायकोनेच तो मिटवला. म्हणाली, दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत, निदान एवढं एक व्यसन करून बघा. मी तेव्हा पंचेचाळिशीला टेकलो होतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅनेलसमोर बसून दिवसभर आकडे बघायचे, हे माझं काम. खेळायची हौस कॉलेजात लागली ती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. मग नोकरी आली, घर आलं, आईचं आजारपण आलं. हौस मेली नाही, नुसती गप्प बसून राहिली. मला खेळ हवा होता तोही एकच, ट्रक चालवायचा. परदेशातल्या रस्त्यांवरून माल घेऊन तासन् तास जायचं, काचेवरचा पाऊस बघायचा, टोल भरायचा. हे ऐकून बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मुंबई-गोवा रस्त्यावरचे खड्डे कमी पडले वाटतं, असं म्हणाली.

पन्नास हजारांत बसवायचं ठरलं. त्याच्यावर पाच पैसेही नाही, असं मी तिला देवासमोर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी पस्तावलो. कारण कॉम्प्युटर ही वस्तू विकत घेताना एक नसते, सात-आठ असतात, आणि त्यातली प्रत्येक दुसरीच्या डोक्यावर बसलेली असते. ग्राफिक्स कार्ड चांगलं घ्यावं, तर त्याला पुरेल असा प्रोसेसर लागतो. प्रोसेसर घ्यावा, तर त्याला चालेल असाच मदरबोर्ड लागतो. बोर्ड घ्यावा, तर रॅम त्याच जातीची हवी. यूट्यूबवर सल्ला द्यायला माणसं पुष्कळ, पण प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि प्रत्येकाच्या पाठीमागे रंगीत दिवे लुकलुकत असतात. त्या दिव्यांचा मला भयंकर राग. एवढे पैसे घालून देवघरातली दिव्यांची माळ कोणी कॉम्प्युटरात लावून घेईल, हे मला अजूनही पटत नाही.

शहरातला दुकानदार मात्र सरळ माणूस निघाला. तो म्हणाला, बाकी कुठेही हात आखडा, पण वीज पुरवणारा डबा, तो एसएमपीएस, चांगलाच घ्या, कारण आपल्याकडची वीज येते-जाते तेव्हा पहिला मार त्यालाच बसतो. दुसरं त्याने सांगितलं ते आमच्या हवेचं. समुद्रावरची हवा खारट, दोन वर्षांत स्क्रू गंजतात, तांब्याला हिरवं धरतं. तेव्हा किनाऱ्यालगतच्या घरातून जुना माल उचलू नका, घ्यायचाच तर आतल्या गावातला घ्या. जुना माल माझ्या डोक्यात तोवर नव्हता. पण त्या वर्षी रॅमचे भाव असे काही चढले की माझी यादी दर आठवड्याला बजेटच्या बाहेर जायला लागली. मी काही खोडायचो, काही चढवायचो, आणि दर वेळी गळा कापला जायचा तो ग्राफिक्स कार्डाचा. कार्ड हलकं म्हणजे काचेवरचा पाऊस खोटा. मग एवढा खटाटोप करायचा कशाला, म्हणून मी चिडायचो आणि यादी फाडायचो.

तेव्हा मोबाइलवर ती जाहिरात दिसली. संगमेश्वरकडच्या एका वाडीतली. कॅबिनेट, त्यात बोर्ड, प्रोसेसर आणि माझ्या यादीतल्याच्या दुप्पट रॅम, सगळं एकत्र, आणि किंमत नव्या रॅमपेक्षाही कमी. ग्राफिक्स कार्ड नाही, हार्ड डिस्क नाही. त्या दोन वस्तू आणि एसएमपीएस नवे घेतले तरी माझे पन्नास हजार पुरत होते. एवढं स्वस्त का, हा प्रश्न शहाण्या माणसाला पहिल्यांदा पडला असता. मला पडला तो घरी आल्यावर.

रविवारी मोटरसायकलवरून गेलो. मुख्य रस्ता सोडल्यावर कातळावरून दोन किलोमीटर, मग उतार आणि खाली चिऱ्याचं घर. जाहिरात देणारे गृहस्थ मुंबईला नोकरी करून निवृत्त झालेले, आठ दिवसांसाठी गावी आलेले. घर त्यांच्या वहिनींचं. वहिनी म्हणजे सत्तरीच्या जवळपासची बाई, अंगाने वाळलेली, नीट चापूनचोपून नेसलेली. ती एकटीच तिथे राहायची. मी तिला काकी म्हटलं. पडवीतून आत गेल्यावर माजघरात खिडकीशी टेबल होतं, त्याखाली कॉम्प्युटर, आणि समोर एकच लाकडी खुर्ची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्या खुर्चीच्या चार पायांचे खळगे पडले होते. माणूस रोज एकाच जागी बसल्याशिवाय असे खळगे पडत नाहीत. टेबलावर चहाच्या कपाची वर्तुळं होती, एकावर एक, सगळी उजव्या हाताला.

भिंतीवर तिशीतल्या एका मुलाचा फोटो होता, पाठीमागे जहाजाचा कठडा आणि पाणी. गृहस्थ म्हणाले, पुतण्या, बोटीवर होता. होता, असं म्हणाले. फोटोला हार नव्हता. मी फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली की विचारलं तर व्यवहार मोडेल. त्या भीतीची मला आजही लाज वाटते.

त्यांनी झाकण काढून दाखवलं. आत एकाही स्क्रूला गंज नव्हता, दुकानदाराचं म्हणणं खरं होतं. डिस्क का काढली, म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, त्यात त्याचे फोटो आहेत. मग पैसे दिले, मी डबा उचलला, आणि काकी आतून हळदकुंकू घेऊन आली. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, नेमक्या सुरू करायच्या बटणाच्या वर, तिने बोट टेकवलं. मुठीतले चार तांदळाचे दाणे वर टाकले. मी हसू दाबलं. मग तिने भिंतीच्या बोर्डातून विजेची वायर उपसली, तिची नीट घडी घातली आणि स्वतःच्या हातात ठेवली.

मी म्हटलं, काकी, ती वायर द्यायला हवी, तिच्याशिवाय चालणार कसा?

"जनावर विकलं तरी दावं देत नाय आमी," ती म्हणाली. "दुसरं घाला तुमी."

ही चाल मला माहीत होती. माझ्या आजोळीही बैल विकला तर कासरा, दावं घरातच ठेवत. गोठ्याची बरकत त्याबरोबर जाते म्हणतात, कोणी म्हणतात जनावर परत आलं तर बांधायला काहीतरी हवं. पण कॉम्प्युटरचं दावं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या गृहस्थांनी, तिच्या दीरांनी, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विनंती केली, सोडून द्या. मी सोडून दिलं. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू.

निघताना ती पायरीपर्यंत आली. "चारच्या सुमाराला घरात कोणतरी असूं दे," असं म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. विकलेलं जनावर जाताना बघायचं नसतं, म्हणून फिरली असेल असं मला वाटलं. आणि चारचं म्हणणंही मी त्याच हिशेबात धरलं. नवं जनावर घरी आणलं की पहिले काही दिवस त्याला एकटं सोडत नाहीत, ते हंबरतं, दावं तोडतं. म्हातारी डोक्याने थोडी हललेली आहे, असं मनात म्हणत मी डबा मागच्या सीटला करकचून बांधला.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक. नवा एसएमपीएस बसवला, कार्ड बसवलं, डिस्क लावली, मॉनिटर जोडला. वायर आणायची राहिली होती. तेव्हा ध्यानात आलं की आमच्या राइस कुकरची वायर अगदी तशीच आहे. ती लावली. बायको म्हणाली, आता भात तुमच्या ट्रकमध्ये शिजवा. पुसायला फडकं घेतलं तेव्हा मात्र तिने हात धरला. कुंकवाचं बोट पुसू नका, राहू दे, म्हणाली. पुढच्या सोमवारी रात्री पहिल्यांदा खेळ सुरू झाला आणि काचेवर खरा पाऊस पडला तेव्हा मला भरून आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी असल्या गोष्टीने भरून येतं हे कबूल करायला धैर्य लागतं, म्हणून कबूल करतो.

मंगळवारी बायकोचा कारखान्यात फोन आला. ती शिक्षिका, तिची सकाळची शाळा असते, दोनला ती घरी येते. म्हणाली, कॉम्प्युटर चालू ठेवून गेलात. मी नाही म्हटलं. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी तिने फोन केला नाही. संध्याकाळी आल्यावर सांगितलं की मी चहा टाकते तेव्हा तो सुरू होतो. पंखा फिरायला लागतो, पडदा उजळतो, आणि मग तो तसाच राहतो. बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी. तिने दोन दिवस घड्याळ पाहिलं होतं.

मी तिला उडवून लावलं. वीज वरखाली होते, म्हटलं. शुक्रवारी पाळी बदलून घेतली आणि तीनलाच घरी आलो. दोघं त्या खोलीच्या दारात उभे राहिलो. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. चार दहा झाले आणि टेबलाखाली टक् असा आवाज आला. कुंकवाच्या बोटाखालचा दिवा लागला. पंखे फिरले, पडदा उजळला. कोणीही कशालाही हात लावला नव्हता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि मला त्याचा इतका राग आला की मी पुढे होऊन तो धाडकन बंद केला.

भिंतीवरचं बटण बंद ठेवलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता, हे मलाही कळत होतं. पण मग ते का होतं हे कधीच कळलं नसतं, आणि न कळलेली गोष्ट घरात ठेवायची मला सवय नाही. कारखान्यात पॅनेलवरचा एक आकडा कारणाशिवाय हलला तरी मला जेवण जात नाही. शनिवारी मी शोधायला बसलो आणि अर्ध्या तासात सापडलं. कॉम्प्युटर सुरू होताना एक कळ दाबून धरली की मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचं पान उघडतं. ते पान डिस्कवर नसतं, बोर्डातच असतं, म्हणून डिस्क बदलली तरी राहतं. त्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं की हे यंत्र आपोआप सुरू व्हावं. रोज. १६ वाजून १० मिनिटं, शून्य सेकंद.

कारण सापडलं की भीती जाते, असा माझा जन्मभराचा अनुभव. त्या दिवशी उलटं झालं. यंत्र बिघडलं नव्हतं. कोणीतरी बसून ही वेळ घातली होती, आणि ज्याने घातली तो माझ्या डोळ्यांपुढे, त्या माजघराच्या भिंतीवरच्या फोटोत, कठड्याला टेकून हसत उभा होता. बायको म्हणाली, त्या बाईने तुम्हाला चारचं काय सांगितलं होतं? मी तिला ती गोष्ट हसत सांगितली होती. आता दोघंही हसलो नाही.

मी दीरांना मुंबईला फोन लावला. त्यांनी सगळं सांगितलं. पुतण्या मालवाहू जहाजावर इंजिनात होता. नऊ-नऊ महिने बाहेर. आईला बटणांची धास्ती, हात लावला आणि बिघडलं तर, म्हणून ती कॉम्प्युटरला कधी शिवायची नाही. त्यावर त्याने ही युक्ती काढली. त्याची पाळी संपायची त्या वेळेला घरी कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, त्याचा फोन आपोआप उचलला जायचा, आणि पडद्यावर तो दिसायचा. तिने फक्त समोर बसायचं. चार वाजता ती केस विंचरायची, चहा करायची आणि येऊन बसायची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो कामावर हजर झाला नाही. जहाज उलटं फिरवून समुद्र शोधला. काही सापडलं नाही. त्यानंतरही घरचा कॉम्प्युटर रोज चार दहाला सुरू व्हायचा आणि ती रोज समोर बसायची. तिला त्यातून सोडवायचं म्हणून दीरांनी तो विकायला काढला. ती नको म्हणाली नाही. वायर तेवढी ठेवून घेतली. गोठ्यात आता गुरं नाहीत, पण दावी टांगायची खुंटी आहे, तिच्यावर ती टांगलेली असते. चार वाजता काढून हातात घेऊन बसते, ते म्हणाले. तेवढं चालायचं.

दोन दिवसांनी काकीचाच फोन आला. दीरांनी नंबर दिला असावा. तिने विचारलं, उठतो का अजून? मी म्हटलं, रोज उठतो. समोर कोण असतं? बायको घरात असते, मी सांगितलं. घरात नव्हे, समोर, ती म्हणाली.

"तो आला नि समोर कोण नसलं तर परत जाईल वो."

मी तिला समजावू शकलो असतो. फोन उचलणारी ती सगळी व्यवस्था जुन्या डिस्कवर होती, ती डिस्क दीरांच्या कपाटात. माझ्या घरच्या पडद्यावर कोणाचाही चेहरा येण्याची सोयच नव्हती, आणि येणारा कुठे उरला होता? हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, काकी, मी बसेन. रोज बसेन. तो उठला की तुम्हाला फोन करेन.

आणि तसं सुरू झालं. चार दहाला कॉम्प्युटर सुरू व्हायचा, बायको फोन लावायची, "उठला" एवढंच सांगायची. पलीकडून "बरं" यायचं. पाच-दहा मिनिटं ती समोर बसायची आणि मग बंद करायची. पहिल्या आठवड्यात मला तिचं कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात मी चेष्टा केली. तिसऱ्या आठवड्यात एकदा लवकर घरी आलो तर ती आरशापुढे उभी राहून केस विंचरत होती. कुठे जायचंय, विचारलं तर नाही म्हणाली. साडी नीट केली, चहाचा कप घेतला आणि त्या खोलीत गेली. मी मागून पाहिलं. कप तिने उजव्या हाताला ठेवला. त्या घरातली वर्तुळं मी तिला कधी सांगितली नव्हती.

रात्री जेवताना मी विषय काढला. ती सहज म्हणाली, समोर बसलं की कोणीतरी बघतंय असं वाटतं, मग अवतारात कसं बसायचं? कॅमेरा नाही त्याला, मी ओरडलो. ती म्हणाली, मला माहीत आहे. आमटी वाढू का?

एकदा चारच्या आधी आमच्याकडची वीज गेली. कॉम्प्युटर उठला नाही. बायको आता काय सांगावं या विचारात असताना काकीचाच फोन आला, आज काय झालं? लाइट नाही, असं बायकोने सांगितलं, आणि तिचं समाधान झालं. तिच्याकडेही वीज गेली असेल, तिने अंदाज केला असेल, असं आम्ही धरून चाललो.

माझा ट्रक तोवर कधीच रस्त्याकडेला उभा राहिला होता. संध्याकाळी खेळायला बसायचो तेव्हा खुर्ची गरम वाटायची. बायकोच्याच बसण्याची ऊब ती, पण मला बसवेना. मी बोलण्यात तुसडा झालो. दोष कोणाला देणार? काकीला देता येत नव्हता, बायकोला देता येत नव्हता, आणि जो नव्हता त्याला कसा देणार? खरी भीती वेगळीच होती. बायको सुट्टीच्या दिवशीही चारच्या पुढे कुठे जायला तयार नसायची. आपल्या घरातलं माणूस हळूहळू एका परक्या घराच्या खुर्चीत जाऊन बसतंय आणि आपण नुसतं बघतोय, असं मला वाटायला लागलं. मला ती परत हवी होती. एवढी एकच गोष्ट हवी होती.

शेवटी शनिवारी संध्याकाळी ती आंघोळीला गेलेली असताना मी बोर्डाचं ते पान उघडलं आणि आपोआप सुरू व्हायची ओळ बंद केली. भिंतीवरचं बटण बंद केलं असतं तर तिने ते पुन्हा लावलं असतं, म्हणून मुळावरच घाव घातला. अर्ध्या मिनिटाचं काम. १६ वाजून १० मिनिटं हे आकडे फिकट झाले. कोणाच्या तरी हातचं लिहिलेलं आपण पुसतोय, हे तेव्हा जाणवलं. तरी पुसलं.

रविवारी तिच्या भावाकडे काही कार्य होतं, तिला जावंच लागलं. जाताना तिने तीनदा बजावलं, आज तुम्ही बसा आणि तुम्ही फोन करा. मी हो म्हटलं. मनात योजना साधी होती. काही दिवस आपणच फोन करून "उठला" म्हणायचं. बायकोला सांगायचं, बोर्ड जुना, सेटिंग उडालं. काकीला तिचा शब्द मिळेल, मला माझी बायको मिळेल. कोणाचं काय बिघडणार होतं?

चार वाजले. मी त्या खोलीत गेलोही नाही, बाहेर झोपाळ्यावर बसलो. चार दहा झाले. आत काही टक् झालं नाही. इतके दिवस जो आवाज नको होता, तो न आल्यावर घर एकदम मोठं वाटलं. मी नंबर लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला.

"काकी, उठला," मी म्हटलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, नेहमीसारखं "बरं" येईल.

"नाय वो," ती म्हणाली. रागाने नाही, माझीच समजूत काढावी तसं म्हणाली. "रोज ऊन लागतं हाताला. आज दावं गार हाय."

तिने हळूच फोन ठेवला.

माझ्या आवाजावरून तिने ओळखलं असेल. रोजचा बायकोचा आवाज, आज पुरुषाचा, आणि तोही चोरट्यासारखा. असंच असणार. तरी मी उठून आत गेलो आणि भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत आलेली ती आमच्या कुकरची वायर मुठीत धरली. ती गारच होती. पण गार असणारच, कॉम्प्युटर बंद होता. मला स्वतःची अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. मी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं म्हणे. त्या बाईजवळ मुलाने ठेवलेली एकच गोष्ट होती, दिवसातलं एक मिनिट, आणि ते मी आंघोळीच्या वेळात पुसून मोकळा झालो होतो.

पान उघडून ती ओळ पुन्हा चालू केली. रोज. १६ वाजून १० मिनिटं, शून्य सेकंद. आकडे एकेक करून घातले, त्याने घातले असतील तसे. बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ धरून बसली.

सोमवारी मी रजा टाकली. चारला स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. चार पाचला मी आरशापुढे उभा राहिलो, केसांना पाणी लावलं आणि भांग पाडला. शर्टाचं वरचं बटण लावलं. बायकोने दुसरी खुर्ची आणली. दोघं समोर बसलो. चार दहाला कुंकवाच्या बोटाखाली टक् झालं, दिवा लागला, पंखे फिरले, पडदा उजळला. मी फोनकडे हात नेला, तोच तो वाजला. आजवर या वेळेला तिने आपण होऊन फोन केला नव्हता, त्या वीज गेलेल्या दिवसाखेरीज.

"समोर कोण बसलंय?" तिने विचारलं.

"आम्ही दोघंही बसलोय, काकी," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवला. आम्हीही ठेवला.